निबंधाचं दुसरं पान

आमच्या शाळेत निबंध लिहायचा नसे, पाठ करायचा असे. गाइडमधला उन्हाळा, गाइडमधली आई, सगळं परीक्षेत उतरवून मोकळं व्हायचं. दहावीला नवे सर आले आणि ही चैन संपली. ते म्हणत, आपलं मत मांडायचं तर आधी समोरच्याचं मत लिहा, आणि असं लिहा की वाचून तो म्हणाला पाहिजे, मला हेच म्हणायचं होतं. मग दुसऱ्या पानावर त्यातला एकेक मुद्दा खोडा. नुसतं "असं नसावं" असं लिहिलं की सर कागद परत करत आणि विचारत, "का नसावं?"

मला हे फारच आवडलं. घरात "का" विचारायची सोय नव्हती. आम्ही धुळ्याकडून सुरतेत आलेली माणसं. वडील लूमवर, आई दिवसभर घरी साड्यांना टिकल्या चिकटवत बसलेली. आमची मराठी शाळा दहावीलाच संपायची. पुढे शिकायचं तर बसने लांबच्या गुजराती शाळेत जावं लागणार होतं, आणि मला जायचं होतं. वडील हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. असल्या गोष्टी आमच्यात मोठे काका ठरवत. ते चलथाणला साखर कारखान्यात होते, आणि सुट्टीला आले की खाटेवर बसून सगळ्या घराचे निकाल लावत.

म्हणून मी विषय मुद्दाम तोच घेतला, मुलींनी दहावीपुढे शिकावं का. पहिल्या पानावर वडिलांची बाजू लिहिली. बसमधली गर्दी, गल्लीतली तोंडं, गुजरातीत पहिल्यापासून सुरुवात, आईला एकटीने न उरकणारे साड्यांचे गठ्ठे, आणि एवढं करून शेवटी पोरगी परक्या घरी जाणार. लिहिताना मला वडिलांची दया आली. लूमच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येई, बोलायची सवयही मोडली होती. त्यांच्या भीतीला शब्द मी दिले, आणि चांगले दिले. दुसऱ्या पानावर तेच सगळं खोडून काढलं. गल्लीतल्या आणखी दोघी त्याच बसने जाणार होत्या, गुजराती तर मी दुकानदाराशी रोजच बोलत होते, आणि गठ्ठ्यांना मी घरी आल्यावर बसणारच होते. दोन्ही बाजूंना न्याय दिलास, असं सरांनी खाली लिहिलं. मला वाटलं, जिंकले.

काका आले त्या सकाळी मी तो निबंध मोठ्याने वाचायला घेतला. काका मान डोलवू लागले. पहिलं पान संपलं, मी ते उलटणार, तोच त्यांनी गुडघ्यावर थाप मारली.

"पोर शहानी शे. बठ्ठं बरोबर लिखेल शे." मग वडिलांना म्हणाले, "तुले उगाच घोर व्हता. तिलेच पटेल शे." आणि मला म्हणाले, "चहा ठेव आते."

आमच्यात ठरलेल्या गोष्टीवर चहा होतो. सोयरीक असो की भावाभावांतली वाटणी, चहा झाला की तो विषय पुन्हा कोणी काढत नाही. मी हळूच म्हटलं, "अजून आहे, काका."

"ऱ्हाऊ दे. समजनं."

आईने साखरेचा डबा माझ्या हातात दिला. वडील खाली बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसत होतं. माझं शिक्षण संपल्याचा चहा मीच केला आणि कपांत मीच ओतला. त्याचा राग अजून जात नाही.

सरांचाही येतो. समोरच्याला न्याय द्या म्हणणाऱ्याने, समोरचा तुमचं ऐकून घेईलच असं नाही, हेही सांगायला हवं होतं. शाळेत दोन्ही पानं वाचायला पगारी माणूस बसलेला असतो. घरात तसा कोणी नसतो. मी पुढची वर्षं आईशेजारी टिकल्या चिकटवल्या आणि तिथूनच लग्न होऊन गेले.

यंदा माझी मुलगी दहावी झाली. वडील आता थकलेत, काही दिवस माझ्याकडे राहायला आले होते. तिच्या अकरावीचं बोलणं निघालं तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तू शिक व माय. तुन्ही मायलेच शिकानं नव्हतं. तिनी लिखीसन दिन्हं व्हतं आमले."

ते मला टोचायला बोलले नव्हते. इतकी वर्षं ते खरोखरच तसं समजून होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन बसले आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आबा, ते पहिलं पान होतं. ते तुमचं होतं. माझं दुसऱ्या पानावर होतं."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"दुसरं पान व्हतं?"