थॉर्नबी हाउसचा वरचा मजला

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात नीला सरनोबतचं नाव काढायचं तर लोक आधी मागे वळून बघतात, ती उभी नाही ना. बाईच्या तोंडाला लगाम नाही. देवळाच्या पार्किंगमध्ये गाडी वाकडी लावली म्हणून तिने एका हार्ट सर्जनला त्याच्या पेशंटसमोर असं झापलं होतं की तो बिचारा आरती न घेताच घरी गेला. नवरा प्रताप तिच्यापुढे हळू आवाजात बोलतो. मुलगी शिकायला म्हणून जी कॅलिफोर्नियात गेली ती तिकडचीच झाली. अशा बाईचा जीव जडला तो एका घरावर. आणि तेही इंग्रजांच्या!

थॉर्नबी हाउस. इंग्लंडमध्ये सहाशे वर्षांपूर्वी कुणा लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधलेलं ओकचं घर. शंभरेक वर्षांमागे डेट्रॉइटच्या एका मोटारवाल्या शेठच्या ते मनात भरलं. त्याने तुळई न् तुळई सुटी करून जहाजात घातली आणि इथे आणून घर पुन्हा उभं केलं. आता एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला डेंटिस्ट, आणि मधे हे काळ्या लाकडाचं, पांढऱ्या भिंतींचं म्हातारं घर. संरक्षित आहे, म्हणजे विचारल्याशिवाय टाचणीसुद्धा टोचायची नाही.

नीला इथे आली ती प्रतापच्या नोकरीमागे, डिपेंडंट व्हिसावर. काम करायची परवानगी नाही. इचलकरंजीत सिव्हिलचा डिप्लोमा करून साइटवर मुकादमांना घाम फोडणारी बाई, इथे बर्फाकडे बघत कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसली. वेड लागायची वेळ आली होती. एकदा सहज थॉर्नबी हाउसची टूर घेतली, गाइडला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "मग तुम्हीच का नाही करत?" फुकट काम करायला व्हिसा आडवा येत नव्हता. तिने केलं. नंतर ग्रीन कार्ड आलं, नोकऱ्याही मिळाल्या असत्या, पण ती तिथून हलली नाही.

तिची टूर म्हणजे शिक्षाच. "खिळा शोधून दाखवा!" लोक शोधायचे. "नाहीये! एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला खोबण, आणि दोघांच्या आरपार लाकडाची खुंटी. बस्स. भिंतीत काय आहे? विणलेल्या काटक्या, माती, गवत आणि शेण. हो, शेण. नाक काय मुरडता, तुमच्याच आजोबांनी लिंपलंय."

मग ती सगळ्यांना बाहेर नेऊन वर बघायला लावायची. वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला, रस्त्यावर ओणवा झाल्यासारखा. "तुळयांची टोकं भिंतीबाहेर काढलीयत आणि त्या टोकांवर वरची भिंत बसवलीय. भिंत टोकं खाली दाबते म्हणून मधली जमीन लवत नाही. तराजू आहे तो. त्यावर नाचायचं नसतं."

तर ह्या बाईकडे इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष मिहीर आला. मूळचा पुण्याचा, कार कंपनीत इंजिनियर, बोलणं तुपातलं. पाडव्यासाठी ठरलेला शाळेचा हॉल ऐनवेळी कॅन्सल झाला होता, म्हणून आता थॉर्नबी हाउस हवं होतं.

"नाही," नीला म्हणाली.

"काकू, ऐका तरी."

"नाही म्हटलं ना! तुम्ही लोक गणपतीला चर्चच्या कार्पेटवर गुलाल उधळता. पुन्हा दिलं का चर्चने?"

"म्हणूनच आलो ना काकू. तुमच्याशिवाय तिथे आपलं कोण आहे?"

आपलं! मंडळात तिला असं कुणी म्हटलं नव्हतं कधी. तिथे तर ती आली की बायका किचनमध्ये पळायच्या. बाई विरघळली. डायना, म्हणजे थॉर्नबी हाउसची डायरेक्टर, तिच्यासमोर नीला उभी राहिली आणि म्हणाली, माझी माणसं आहेत, जबाबदारी माझी. वर म्हणाली, गुढी जमिनीवर उभारत नाहीत, उंच लावतात, म्हणून वरच्या मजल्याची खिडकी पण हवी. वरचा मजला कार्यक्रमाला कुणालाच देत नसत. डायनाने नीलाकडे बघून दिला. चार-पाच माणसं वर जातील, गुढी बांधतील, खाली येतील. एवढंच ठरलं.

मिशिगनचा पाडवा! सकाळपासून गारठा आणि वरून पावसात मिसळलेला बर्फ. गुढी लागली, नीलाने स्वतः दोरी तपासली, सगळं छान. ढोलपथक अंगणात वाजवणार होतं, पण अंगणात उभं राहणंच शक्य नव्हतं. खाली हॉलमध्ये पानं मांडलेली. नीला लोकांच्या जॅकेटांवरून भांडत होती, कारण कुणीतरी तिच्या खांबाला ओला कोट टेकवला होता.

आणि वरून पहिला ठोका आला.

तिला वाटलं बाहेर ट्रक गेला. मग दुसरा. मग सगळे एकदम. समोरच्या वाटीतल्या पिवळ्याधमक श्रीखंडावर पांढरी भुकटी पडली. तिने वर बघितलं. छताच्या फळ्यांमधून चुना झरत होता.

जिना ती कशी चढली तिचं तिला माहीत. वर तीसेक माणसं, कमरेला ढोल, सगळ्यांचे पाय एकाच तालात. आणि ताशावर कोण? प्रताप! घरात हळू बोलणारा प्रताप!

"थांबाऽऽ!" कुणाला ऐकू जाणार? तिने सरळ मिहीरच्या हातातलं टिपरू हिसकावलं.

"काकू! काय करताय?"

"तू काय करतोयस, गाढवा? इंजिनियर ना तू? कुणी दिली डिग्री तुला?"

"बाहेर बर्फ आहे, पोरांनी तीन महिने प्रॅक्टिस केलीय! आणि सहाशे वर्षं टिकलंय घर, दहा मिनिटांत काय होतंय?"

"हे होतं." कोपऱ्यात जिथे मोठी तुळई खांबात शिरते, तिथली खुंटी तडकून अर्धी बाहेर आली होती. सांध्यात बोट जाईल एवढी फट.

"नीला, सणाच्या दिवशी तमाशा नको," प्रताप म्हणाला.

"तमाशा तुम्ही केलात. सगळे खाली! एकेक करून, पाय न आपटता. आणि खालून बाहेर!"

मागून कुणीतरी बोललंच, "दीडशे वर्षं इंग्रजांनी राबवलं, ही अजून त्यांच्या तुळया पुसतेय."

"पुसते! तुमची तोंडं पुसण्यापेक्षा बरं!"

सगळ्यांना काढलं तिने. अर्धी पानं वाढलेली, पोरं रडतायत, म्हातारे कोट शोधतायत, तरी काढलं. मग भिंतीच्या कडेकडेने जाऊन, भर दुपारी, उतरवायची वेळ व्हायच्या कितीतरी आधी, तिने गुढी उतरवली. खालून एक आजी ओरडल्या, "अगं अवदसे, गुढी आहे ती!" नीलाने कलश कुशीत घेतला आणि खाली आली. गुढीशी मात्र एक शब्द वाकडा बोलली नाही.

दारात मिहीर. आता तूप संपलेलं. "काकू, डायनाला सांगू नका. रविवारी येतो, ग्लू मारतो, कुणाला कळणार नाही."

"ग्लू?"

"बरं, सांगा! पण शब्द तुम्ही दिला होता. जाल तुम्हीच, मंडळ नाही."

खरं होतं. प्रतापने दंड धरला, "ऐक ग. हे घर गेलं तर तू करणार काय?"

तिने दंड सोडवला आणि त्यांच्यासमोरच फोन लावला.

डायना आली, वर गेली, खाली आली. म्हणाली, तू खरं सांगितलंस, थँक यू, आणि किल्ली दे. एका दमात. नीला तिच्यावरही खेकसली, "किल्ली नंतर! आधी टेकू लावायला माणूस बोलाव. आज! त्या तुळईखाली टेकू लागेपर्यंत मी हलणार नाही." आणि नाही हलली. संध्याकाळी लोखंडी टेकू लागला, तिने तो हलवून बघितला, शिवी दिली, आणखी एक फेर आवळायला लावला. मग किल्ली टेबलावर आपटली आणि निघाली. डायनाने हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

त्याच रात्री मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तिला काढलं. देवळात बायका आता किचनमध्येसुद्धा पळत नाहीत, सरळ पाठ फिरवतात. प्रताप जेवताना टीव्ही लावतो. "बरं झालं," ती म्हणते, "डोकेदुखी गेली." आणि मग बाथरूमचा नळ कितीतरी वेळ चालू असतो.

पुढच्याच शनिवारी ती गेली. कुठे म्हणजे? तिकीट काढून, इतरांसारखी रांगेत. नवा गाइड, कोवळा पोरगा, वरच्या मजल्याकडे बोट दाखवून सांगत होता की तो पुढे आलाय तो फक्त शोभेसाठी.

"साफ चूक," मागून आवाज आला.

पोरगा कसनुसं हसला. "मॅम, प्रश्न टूर संपल्यावर घेऊ या का?"

"मी प्रश्न विचारत नाहीये," नीला म्हणाली आणि गर्दीतून वाट काढत पुढे आली.