‘गरमी निघतेय’ हे न मानणाऱ्या डॉक्टरबाई

तापीच्या दोन्ही काठांवरच्या मराठी बंधुभगिनींनो, कागद कारखान्याच्या वसाहतीतल्या माझ्या जुन्या सोबत्यांनो, केळीच्या बागांत राबणाऱ्या आप्तांनो, आपल्या सगळ्यांची एक जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. महाराष्ट्राच्या लेखी आपण परराज्यातले, भोपाळच्या लेखी कोपऱ्यातले. ताप-खोकल्याचे औषध बुऱ्हाणपुरात मिळते. त्यापुढचे काही निघाले की हातात चिठ्ठी पडते आणि तीवर जळगाव नाहीतर इंदूर लिहिलेले असते. तिथे गेल्यावर आपले गाव, आपली भाषा, आपला आजार, सगळे पहिल्यापासून सांगत बसावे लागते. या अन्यायावर मी तीस वर्षे भाषणे केली. डॉ. सुमतीबाई चौधरी यांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात मला त्यातल्या एका भाषणाची कबुली द्यायची आहे. त्या भाषणापायी माझा भाचा जिवाला मुकला असता. तो वाचला तो बाईंमुळे.

बाईंची आणि माझी पहिली भेट माझ्या घशामुळे झाली. कारखान्यात संप सुरू होता, मी कामगार संघटनेचा सरचिटणीस होतो आणि फाटकासमोर रोज तीन-तीन सभा घेत होतो. आवाज पार बसला. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात एक नवी सर्जन बाई आली आहे म्हणून सोबत्यांनी मला तिथे नेले. बाईंनी बॅटरी लावून घसा पाहिला आणि म्हणाल्या, “आठ दिवस बोलायचं नाही.”

मी कागदावर लिहिले, ‘मग संप कसा चालेल?’

त्यांनी ते वाचले आणि माझ्या सोबत्यांकडे पाहत म्हणाल्या, “यांच्याशिवाय चालला तर संघटना खरी. नाही चालला तर ती यांची एकट्याची होती. दोन्ही कळून जाईल, आठच दिवसांत.”

संप चालला. मला थोडे वाईटही वाटले, ते आज सांगायला हरकत नाही. त्या दिवसापासून मी बाईंचा शिष्य झालो. वैद्यकी मला येत नाही, पण समोरच्याच्या तोंडावर खरे बोलणे मी त्यांच्याकडूनच शिकलो. पूर्ण शिकलो नाही, हे पुढे येईलच.

आपल्या गावात एक शब्द आहे. बाहेरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागतो, आपल्याला नाही. शौचातून रक्त गेले की आपण रक्त गेले असे म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘गरमी निघतेय.’ मे महिन्यात इथे जमीन तापते, मिरची आपण मुठीने खातो, दिवसभर मोटरसायकलवर बसतो; तेव्हा शरीरात गरमी साठणारच आणि ती खालून बाहेर पडणारच, असा आपला हिशेब. म्हणजे पाहा, ज्याला घाबरायचे त्याचा आपण शुभशकुन केला आहे. सासू सुनेला सांगते, निघू दे, चांगलं असतं. सब्जा भिजवतात, ताक देतात, कोणी केळफुलाची भाजी करून घालतात. त्यातून थोडे शहाणे असतील ते ‘बवासीर’, म्हणजे मूळव्याध, म्हणतात आणि मित्राला लागू पडलेले चूर्ण आणतात.

बाईंनी आयुष्यभर या एका शब्दाशी भांडण केले. त्यांच्या दवाखान्यात बाकावर बसून मी ते किती वेळा ऐकले आहे. एकदा तिशीतला एक ट्रकचालक आला.

“बाई, गरमी निकल रही है बस. गोली देऊन टाका, गाडी भरायची है.”

“कुठून निघते?”

“खालून.”

“रंग कोणता तिचा?”

“लाल.”

“मग तिला रक्त म्हण ना बाबा. गरमीला मी कशी तपासू? रक्ताला तपासता येतं. झोप त्या टेबलावर.”

“अरे बाई, लेडीज डॉक्टरसमोर...”

“माझं वय बघ. तुझ्या आजीएवढी आहे मी. आणि मला तुझ्यात काही नवीन दिसणार नाही.”

त्याला मूळव्याधच निघाली. बाई नेहमी सांगतात की बहुतेकांना मूळव्याधच निघते. त्यांचे म्हणणे एवढेच की ती तपासणीतून निघू द्या, आधीच ठरवू नका. हातमोजा घालून बोटाने केलेली दोन मिनिटांची तपासणी ज्याने केली नाही, त्याने ‘मूळव्याध’ हा शब्द उच्चारू नये, मग तो डॉक्टर असला तरी. या आग्रहापायी गावातल्या कितीतरी डॉक्टरांशी त्यांचे खटके उडाले. हात न लावता गोळी लिहून देणाऱ्याला त्या एकच विचारत, “पाहिलंत का?” समोरच्याने नजर चुकवली की पुढे काही बोलत नसत. तेवढे पुरायचे.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दवाखाना बंद करताना त्या म्हणाल्या, “पूर्वी आतड्याच्या कॅन्सरचे आजोबा यायचे, नातवाचा हात धरून. आता नातू येतोय आणि आजोबा त्याला धरून आणतायत. काहीतरी बदललं आहे.” जगभरचे डॉक्टर आज हेच सांगत आहेत; चाळिशीच्या, पस्तिशीच्या आतल्या माणसांत मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागला आहे. बाईंना ते आपल्या बाकावर बसलेल्या माणसांकडे पाहून कळले.

मी म्हणालो, “कारण सांगा. कोणामुळे होतंय ते सांगा, बाकी माझ्यावर सोडा.”

त्या हसल्या. “तुम्हाला भाषणाला शत्रू पाहिजे. मला तपासायला बोट पाहिजे. आपलं दोघांचं काम वेगळं आहे.”

मी हटलो नाही. जैनाबादला केळी उत्पादकांपुढे त्यांचे व्याख्यान ठरवले. पहिलाच प्रश्न आला, “बाई, फवारणीच्या औषधानं होतो का हो हा?” बाईंनी ‘हो’ म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी मी मोर्चा काढला असता. बाई म्हणाल्या, “मला माहीत नाही. त्यावर शोध चालू आहे, पक्कं झालं की सांगेन. जे थोडं पक्कं आहे ते सांगते. वजन वाढणं, बसून राहणं, दारू, तंबाखू, पाकिटातलं तयार खाणं, कारखान्यात टिकवलेलं मांस, जेवणात भाजी-डाळ-भाकरी कमी होणं, यांनी धोका वाढतो. पोटातल्या जंतूंचाही काही हात असावा असं म्हणतात. घरात आई-वडील, भाऊ-बहीण कोणाला हा आजार झाला असेल तर धोका आणखी. आणि यातलं काहीच नसलेल्या धडधाकट पोरांनाही होतो. का, ते आज कोणालाच नीट माहीत नाही.”

परतताना मी चिडून म्हणालो, “बाई, ‘माहीत नाही’ वर टाळी मिळत नाही.”

“टाळी कशाला पाहिजे? त्यातले दोन जण उद्या दवाखान्यात आले म्हणजे झालं.”

तिघे आले. त्यात माझा भाचा नव्हता.

आता ते भाषण. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत आपल्या माणसांना नको त्या तपासण्यांत कसे घोळवतात, यावर मी बाजाराच्या मैदानात बोललो होतो. राग खरा होता, उदाहरणेही खरी होती. पण वक्त्याला वाक्याचा मोह असतो. मी म्हणालो, “हे लोक दुर्बीण पोटात घालतात आणि शोधतात मात्र तुमचा खिसा!” मैदान हादरले. ते वाक्य मोबाईलवर गावोगाव फिरले. इच्छापूरच्या एका लग्नात तर एका पोराने माझ्याच आवाजात ते मला म्हणून दाखवले आणि मी खूश झालो.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा निलेश जैनाबादला केळी पिकवतो. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. दंडात बळ, पोटात भूक, सिगारेटही नाही. वर्षभर त्याची ‘गरमी निघत’ होती. मध्ये एका भल्या डॉक्टरने त्याला सांगितले होते, जळगावला जाऊन दुर्बिणीने मोठे आतडे तपासून ये. निलेश गेला नाही. घड उतरवताना एक दिवस बागेतच चक्कर येऊन पडला, ओठ पांढरे पडले होते, तेव्हा बहिणीने मला फोन केला आणि आम्ही त्याला लोधीपुऱ्यात आणले.

बाईंनी तपासले. हातमोजा काढून त्या त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, “निलेश, बोटाला गाठ लागते आहे. ही मूळव्याध नाही. तुकडा काढून पाहिल्याशिवाय नाव घेणार नाही, पण मला कॅन्सरची शंका आहे. आणि याच्यावर इलाज आहे, हेही आत्ताच ऐकून ठेव.”

निलेशने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. रागाने पाहिले असते तर सोपे गेले असते.

“मामा, दुर्बिणीचं तुम्हीच तर बोलले होते ना. मी म्हटलं, मामा बोलून राहिले तर बरोबरच असंल.”

बाईंनी माझी फजिती त्याच्यासमोर केली नाही. त्याला आत सलाईन लावून बाहेर आल्या, फाटकापर्यंत माझ्यासोबत चालल्या आणि म्हणाल्या, “लुटणाऱ्यांवर बोलताय ते बंद करू नका. पण ज्या जागी ते वाक्य बोललात त्याच जागी उभं राहून परत घ्या. तेवढ्याच मोठ्या आवाजात.”

पुढचे सात-आठ महिने इंदूरला गेले. दुर्बिणीची तपासणी, तुकड्याचा अहवाल, किरणोपचार, औषधे, मग शस्त्रक्रिया. बाईंनी स्वतः शस्त्रक्रिया करणे तेव्हा थांबवले होते, पण तिथल्या सर्जनांशी प्रत्येक टप्प्यावर त्याच बोलत आणि संध्याकाळी बहिणीला मराठीत समजावून सांगत. काही महिन्यांपुरती निलेशच्या पोटावर शौचाची पिशवी होती. ती बदलायला त्याची बायको अश्विनी हिला बाईंनी घरी येऊन शिकवले. अश्विनी रडायला लागली तेव्हा म्हणाल्या, “रड, पण हात थांबवू नकोस. चिकटपट्टी वाळते.”

निलेश मात्र घराबाहेर पडेना. वास येईल, लोक हसतील, ही भीती. आमच्याच भावकीत लग्न होते, वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीची पंगत बसली होती, आणि हा मांडवाच्या कडेला उभा. बाईंचे गुडघे तेव्हाच कामातून गेले होते. त्यांच्यासाठी टेबल-खुर्ची मांडली होती. त्या तिथे बसल्या नाहीत. पंगतीत जमिनीवर बसल्या आणि त्याला हाक मारली, “निलेश, इकडे बस माझ्या बाजूला. उठताना मला हात द्यायला कोणी लागेल की नाही?” तो बसला. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले, “काय रे, तब्येत कशी है?” बाईच बोलल्या, “पोटावर पिशवी आहे त्याच्या. दोन महिन्यांनी काढणार. तूप वाढा जरा इकडे.” पंगतीत कोणी हसले नाही. तूप आले.

पिशवी निघाली त्याला तीन वर्षे झाली. निलेश बागेत जातो, ठरल्या वेळी तपासणीला जातो, आजपर्यंतचे सगळे अहवाल स्वच्छ आहेत. पुढचे छातीठोकपणे सांगू नये, असे बाई म्हणतात आणि मी ऐकतो. एवढे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले आहे की तो वर्षभर आधी आला असता तर इतके भोगावे लागले नसते. ते वर्ष माझ्या खात्यावर आहे.

निलेशचे उपचार सुरू असतानाच बाजाराच्या मैदानात मी पुन्हा उभा राहिलो होतो. म्हणालो, माझे ते वाक्य चुकीचे होते, त्याने माझ्या घरचा माणूस दुर्बिणीपासून लांब ठेवला. टाळी नाही झाली. त्या आठवड्यात आम्ही निलेशच्या भावाला आणि बहिणीला तपासणीला नेले, कारण घरात एकाला झाला की सख्ख्यांनी लवकर तपासून घ्यायचे असते. बहीण तेव्हा बत्तीस वर्षांची. तिच्या आतड्यात एक छोटा कोंब, डॉक्टर ज्याला पॉलिप म्हणतात तो, सापडला. पुढे वाढला तर कॅन्सर होऊ शकेल, अशा जातीचा. दुर्बिणीतूनच तो तिथल्या तिथे काढला आणि ती संध्याकाळी घरी परतली. तपासणी कशासाठी, याचे याहून सोपे उत्तर मला देता येत नाही. काही देशांनी या तपासणीचे वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणले आहे, शौचाच्या नमुन्यातले न दिसणारे रक्त शोधणारी साधी चाचणीही असते. आपल्याकडे सरसकट अशी व्यवस्था अजून नाही. ती व्हावी म्हणून भांडायचे आहे, आणि मी भांडणार आहे. तोवर ज्याला रक्त दिसते त्याने वयाकडे बोट दाखवून घरी बसू नये.

डॉ. सुमतीबाई आजही आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यात बसतात. त्यांचे गुडघे सोडून बाकी सगळे खणखणीत राहो. त्यांची नजर आणि जीभ अशीच धारदार राहो, त्यांना शंभरी गाठता येवो, आणि त्या वर्षांत उशिरा आलेल्या एकाही तरुणाला त्यांच्या टेबलावर झोपावे लागू नये, ही माझी प्रार्थना आहे.

प्रार्थना बाईंसाठी. तुमच्यासाठी एक काम आहे. हा लेख वाचून संपला की आजच घरातल्या प्रत्येक तरुण माणसाला, मुलाला, सुनेला, जावयाला, भाच्याला, नाव घेऊन विचारा, “तुला शौचातून रक्त जातं का?” शब्द हाच वापरा. उत्तर ‘हो’ आले तर याच आठवड्यात त्याला डॉक्टरपुढे बसवा आणि हात लावून तपासल्याशिवाय तिथून उठू नका.