जवाईबापूंची मुलाखत

आमचे जवाईबापू न्यायाधीश म्हणूनच जन्माला आले. परीक्षा तेवढी द्यायची राहिली होती. जवाईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, मोहाडीच्या कोर्टात वकील. वकिली बेताचीच, कारण पक्षकार दारात आला की त्याचे कागद वाचून हे सांगायचे, "तुमी हारता, घरीच मिटवा." घरी मिटवायला वकील लागत नाही, त्यामुळे बहिणीच्या चुलीवर बरेचदा आमच्या बाबांचेच तांदूळ शिजायचे.

दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेची तयारी त्यांनी पुस्तकांइतकीच शरीरावर केली. न्यायाधीशाला दुपारी डुलकी येता कामा नये, म्हणून दुपारचा भात बंद. आमचा सगळा मुलूख धानाचा, आणि नव्या तांदळाच्या जेवणाला जावयाने भातावर हात आडवा धरला! आई रडकुंडीला आली. "झोप लागली त पक्षकारानं कोनाकडे पाहावं?" असा त्यांचा सवाल. पक्षकार तिथे कुणीच नव्हता, वाढायला उभी असलेली आई तेवढी होती. कुणाचं ऐकताना मान हलवायची नाही, हा दुसरा नेम. मान हलली की एका बाजूला उगाच आशा लागते म्हणे. एका लग्नात नवरदेवाचे मामा त्यांच्याशी बराच वेळ बोलले आणि मग मला बाजूला घेऊन विचारू लागले, यांना ऐकू येत नाही का? मी शरमून म्हणालो, कमी येतं. खुर्ची मिळाल्यावर काय करायचं तेही ठरलेलं होतं. लांबच्या खेड्यातून आलेल्याचं काम सकाळी आधी घ्यायचं, म्हणजे त्याला परतीची एसटी सापडेल. आणि नुसती पुढची तारीखच द्यायची असेल तर त्यासाठी माणसाला दिवसभर ताटकळत ठेवायचं नाही. एवढ्यासाठी कुणी न्यायाधीश होतं का, म्हणून मी त्यांची टर उडवायचो.

मग आमच्या धुऱ्याचं प्रकरण झालं. आमच्या आणि शेजाऱ्याच्या शेतामधला बांध बाबांनी त्याच्या शेतात सरकवला, अशी शेजाऱ्याची तक्रार होती. बाबांनी मोठ्या ऐटीत वकील जावयाला बोलावलं. जवाईबापू चिखल तुडवत दोन्ही बाजूंनी फिरले, दोघांचं ऐकून घेतलं आणि जमलेल्या गावासमोर म्हणाले, "मामाजी, चूक तुमची हाय. धुरा मांगं घ्या."

जावयाने सासऱ्याचं नाक कापलं, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बाबांनी धुरा मागे घेतला, पण जावयाशी बोलणं सोडलं. मला चौकात तोंड दाखवायची लाज वाटू लागली. मी मोहाडीला जाऊन जवाईबापूंना बजावलं, झालं ते झालं, पण ही गोष्ट आता कुठेही, कुणालाही सांगायची नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, की नाही सांगणार.

पुढे ते लेखी परीक्षा पास झाले. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. मुलाखतीहून परतले तेव्हा मी स्टँडवर घ्यायला गेलो. बाकी सगळं ठीक गेलं, म्हणाले. शेवटी एका साहेबांनी विचारलं होतं, आपल्याच माणसाच्या विरोधात बोलायची वेळ तुमच्यावर कधी आली का? आली होती, पण सांगता येणार नाही, असं यांनी उत्तर दिलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. यांनी पुन्हा तेच सांगितलं.

"जवाईबापू, काहून नाही सांगतलं? तेच त सांगाचं होतं!"

"तुमाले शब्द देल्ला होता ना, दादा," ते म्हणाले. "तिथं आपल्या गावचं कोनी नव्हतं, हे खरं हाय. पन शब्द त देल्ला होता."

निवड झाली नाही. त्या शब्दाचं बहिणीला ठाऊक आहे की नाही, हे विचारायची माझी हिंमत नाही. बाबा आता जावयाशी थोडंफार बोलतात, आणि त्यांना वाटतं बिचाऱ्याचं नशीब फुटकं. चौकात कुणी विचारलं तर मी सांगतो, पेपर फार कठीण होता. जवाईबापू सोबत असले की तेवढंही माझ्या तोंडून निघत नाही.