संगणक किती पाढ्यांत सुरू होतो

उल्काताई जोगळेकर आयुष्यभर गणित शिकवत आल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी फक्त विषय आणि विद्यार्थी बदलले. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात त्या संगणकाचा वर्ग घेतात. शिकायला पोस्टातून निवृत्त झालेला मी, दोन आजोबा, चार गृहिणी आणि सोसायटीत स्वयंपाकाची कामं करणाऱ्या सुंदराबाई. संगणक आठ, सगळे कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेले. वर्ग फुकट, पण बोलणी भरपूर खावी लागतात. मी पहिल्या दिवशी माउस हातात घेऊन हवेत हलवला, तेव्हा "आगाशे, ती पूजेची घंटा नाही," असं सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं.

शाळा सुटली, यजमान गेले, मुलगी परदेशात स्थिरावली. संध्याकाळी चार ते पाच हा एवढा तासच काय तो त्यांचा उरला होता. त्या तसं कधी बोलल्या नाहीत, पण वर्गाच्या कितीतरी आधीपासून क्लबहाउसच्या पायरीवर उभ्या असायच्या. बघणाऱ्याला कळत होतं.

आणि या तासाचा मोठा लचका ते संगणक तोडत होते. बटण दाबलं की पडदा काळा, मग काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, मग एक गोल फिरायचा तो फिरतच राहायचा. आधी येऊन सुरू करून ठेवावेत, तर चारपर्यंत खोली भजनी मंडळाची. यंत्रांच्या घरघरीने पेटीचा सूर बिघडतो, असं मंडळाचं म्हणणं. मंडळाचा मूळचा सूर ऐकलेल्यांना हे पटणं अवघड होतं, पण सांगणार कोण?

सोसायटीचे सेक्रेटरी रंगनाथ भिडे एकदा डोकावले. आम्ही नऊ जण आठ काळ्या पडद्यांसमोर हाताची घडी घालून बसलो होतो.

"उल्काताई, एवढं ध्यान लोकांना घरीही करता येईल," ते म्हणाले. "मासिक सभेपर्यंत सुधारणा दिसली नाही, तर यंत्रं भंगारात आणि इथे टेबल टेनिस."

उल्काताईंचा चेहरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला भिड्यांचा असा राग आला की त्या दिवसापासून मी त्यांना जिन्यात नमस्कार करणं सोडलं. त्यांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.

मग उपाय सुचवणाऱ्यांना ऊत आला. प्रत्येकाच्या फोनवर 'संगणक वाऱ्यासारखा पळवा' छापाचा एक तरी व्हिडिओ होता. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचा शौनक आला. तो हिंजवडीत नोकरी करतो, म्हणजे आमच्या दृष्टीने संगणकाचा डॉक्टरच.

"काकू, डोंट वरी. टेम्प फाइल्स उडवू, सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसर फुल करू, एक क्लीनर टाकू. सगळे हेच करतात."

"करून बघू," उल्काताई म्हणाल्या. "पण एकाच संगणकावर. शेजारच्याला हात लावायचा नाही. दोघांना औषध पाजलं, तर गुण औषधाचा की हवापाण्याचा, हे कसं कळणार?"

खिडकीजवळचे दोन जुळे संगणक निवडले. वेळ मोजायला शौनकने फोन काढला, तो त्यांनी खिशात ठेवायला लावला. घड्याळाकडे पाहणाऱ्याचं पडद्याकडे लक्ष नसतं, हे त्यांचं मत. त्यांनी बटणं दाबली आणि पाढे सुरू केले. बे एके बे. उल्काताईंच्या पाढ्याची लय तीस वर्षं वर्गावर घोटलेली. घड्याळाने त्यांच्याकडे बघून वेळ लावावी. आम्हीही मागोमाग म्हणू लागलो. तिसापर्यंत जाऊन पुन्हा बेपासून तिसापर्यंत आलो, तेव्हा कुठे दोन्ही पडदे उजळले.

मग शौनकचे उपाय रोज एक असे करून झाले. फाइली उडवल्या: पाढे तितकेच. प्रोसेसरचं सेटिंग बदललं: तितकेच. तो म्हणाला, ते आधीपासून फुलच असतं बहुतेक. मग ते काय बदललं, असं उल्काताईंनी विचारल्यावर तो खिडकीबाहेर बघू लागला. पडद्यावरचं फुलांचं चित्र काढून काळोख केला: फक्त उदास वाटू लागलं. शेवटी तो क्लीनर नावाचा प्रोग्राम टाकला, तर पाढे वाढले. वेग वाढवणारा हा गृहस्थ संगणक जागा झाला की सगळ्यांच्या आधी उठून स्वतःच दार अडवून बसत होता. औषध न घेतलेला शेजारी होता तिथेच होता, आणि त्याच्यामुळेच हे सगळं आम्हाला दिसत होतं.

सभा जवळ आली. उल्काताईंचं बोलणं कमी झालं, आम्हाला बोलणी मिळेनाशी झाली. ते फार वाईट होतं.

अशात एका संध्याकाळी वर्ग संपता संपता भिडे टेबल टेनिसवाल्या माणसाला मापं घ्यायला घेऊन आले. उल्काताई उसळल्या. संगणक बंद करायला सांगून त्या भिड्यांच्या मागे थेट जिन्यात गेल्या आणि तिथे जे भांडण झालं ते चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. परत आल्या त्या रागाने लाल होऊन, आणि भिंतीवरचं मुख्य बटण धाडकन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी आठही संगणक बाराचा पाढा यायच्या आत सुरू झाले.

कुणालाच काही कळेना. सुंदराबाई म्हणाल्या, "कालच्या भांडनाला भ्याले असतील, बाई." सगळे हसले. उल्काताई हसल्या नाहीत. त्या भिंतीवरच्या बटणाकडे बघत होत्या.

कारण रोजची पद्धत अशी होती: पडदे काळे झाले रे झाले, की त्या क्षणाचाही विलंब न लावता भिंतीवरचं बटण बंद करायच्या. वीज वाया जाता कामा नये. ज्या घरात दुसऱ्या खोलीत जाताना पहिल्या खोलीचा दिवा मालवतात, तिथे वाढलेली ती सवय. पण पडदा काळा झाला तरी डब्यावरचा बारीक दिवा अजून जळत असे. संगणक आतली आवराआवर करत असे, आणि त्या रोज त्याच्या हातातून झाडू हिसकावून घेत होत्या. मग दुसऱ्या दिवशी उठून तो बिचारा आधी सगळं घर तपासणार, काही फुटलंय का. ती काळ्यावरची पांढरी अक्षरं म्हणजे तेच.

काल त्या भांडायला गेल्या आणि बटण दाबायला उशीर झाला, एवढंच.

दुसरा माणूस असता तर गप्प बसला असता. उल्काताईंनी मासिक सभेलाच चार वाजता खोलीत बोलावलं. आदल्या दिवशी जुळ्यांपैकी शौनकने सजवलेला संगणक जुन्या पद्धतीने बंद केला होता, दुसऱ्याचा बारीक दिवा विझू दिला होता. भिडे पुढच्या खुर्चीत बसले. आम्ही पाढे सुरू केले आणि थोड्या वेळाने अख्खी सभा म्हणू लागली. नवाच्या पाढ्यात साध्या संगणकाचा पडदा उजळला. टाळ्या पडल्या. सजवलेल्यासाठी आम्ही एकोणतिसापर्यंत गेलो, तिथे निम्मी समिती अडखळली, आणि तो अजून घर तपासतच होता.

"आता माझाही नीट बंद करून बघू," शौनक स्वतःच म्हणाला. दिवा विझेपर्यंत थांबलो, पुन्हा लावले. साधा नवाला आला, सजवलेला त्याच्या मागून, अकराला. शौनक पोट धरून हसला. "काकू, क्लीनर काढतो मी."

उल्काताई उभ्या राहिल्या. "इतके महिने या मुलांचा वेळ मी घालवला," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. मुलं म्हणजे आम्ही. "शोधलंही मीच. आता बोला."

भिड्यांनी चष्मा पुसला. "बोलायचं काय त्यात? खोली तुमची. चार ते पाच, कायमची."

"चार ते पाच नको," उल्काताई म्हणाल्या. "चार ते सहा द्या. माझी मुलं आता शिकायला लागणार आहेत."

एका उपक्रमाला एक तास, हा भिड्यांचा स्वतःचा नियम. त्यांनी आमच्या तोंडांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "घ्या."

सुंदराबाईंनी उल्काताईंना मिठीच मारली, बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. मला इतका आनंद झाला की मी उठून भिड्यांना वाकून नमस्कार केला. उल्काताई मात्र आमच्याकडे वळून ओरडल्या, "टाळ्या कसल्या वाजवताय? सहा वाजायला वेळ आहे, बसा जागेवर!"