हरताळ

धारच्या आमच्या शाळेत सुमनताई चित्रकला शिकवायच्या. रंगाची नवी पुडी हातात आली की त्या विचारत, "याचं गाव कोणतं?" गेरू कुठल्या टेकडीचा, काजळी कशाच्या धुराची, हे कळल्याशिवाय पुडी वर्गात जात नसे. बाग या गावी सहल नेली, तेव्हा कापडावर ठसे उठवणाऱ्या कारागिराला त्यांनी काळ्या रंगावरून इतकं खोदून विचारलं, की त्यानं गूळ नि गंजलेलं लोखंड भिजवलेलं मडकंच पुढ्यात आणून ठेवलं. ताईंनी वाकून वास घेतला, मगच कापड विकत घेतलं.

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. मला हे सगळं अतीच वाटे.

एकदा भिंत रंगवायला बाजारातल्या दुकानदार रमेश भियानं पिवळी पूड पाठवली. माती म्हणून. ताईंनी ती उन्हात धरली.

"माती इतकी चमकत नाही. ही हरताळ आहे, सोमलाचं खनिज. विष आहे हे."

त्यांनी मुलांना नळाखाली हात धुवायला लावले आणि मुलांना घ्यायला आलेल्या प्रत्येक पालकाला रमेश भियानं विष पाठवल्याचं सांगितलं. दोन दिवसांत रमेश भियाच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. मुख्याध्यापकांनी पुडी तपासायला इंदूरला धाडली. उत्तर आलं: पिवळी माती, त्यात अभ्रकाची पूड.

ताईंनी ते उत्तर दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "आमचे वडील, अण्णा, देवासला देवळांतली चित्रं रंगवायचे. कुंचल्याला टोक काढायला तो ओठांत धरायचे. पिवळा रंग हरताळेचा. शेवटी तळहात झाडाच्या सालीसारखे खरखरीत झाले, पायांतली जाणीव गेली. कारण कळलं तेव्हा उशीर झाला होता."

"मग तुमची शंका रास्तच होती," मी म्हणालो.

"शंका रास्त होती हो. पण तपासून होईपर्यंत ती मनात ठेवायची. मी गावभर वाटली."

आम्ही दोघं रिक्षानं दुकानात गेलो. "भिया, गलती मेरी थी," त्या म्हणाल्या.

"बच्चे मुँह पे रुमाल रखके निकलते हैं सामने से," रमेश भिया म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला पालकांना बोलावून ताईंनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. गिऱ्हाईक हळूहळू परतलं. रमेश भियानं मात्र शाळेला पुन्हा रंग दिला नाही. ताई निवृत्त होईपर्यंत त्याच्याकडूनच घरचं काहीबाही घेत राहिल्या. तो वस्तू बांधून देई, बोलत नसे.

देवासला भावाकडे कायमचं जायच्या आदल्या दिवशी त्या रमेश भियाचा निरोप घ्यायला गेल्या. मी सोबत होतो. त्यानं स्टूल पुसून पुढे सरकवलं.

"बैठो मैडम. वहाँ भी सबसे इतना पूछोगी, तो कौन रहने देगा?"

ताई बसल्या. त्यानं चहा मागवला.