समोरच्या भिंतीवरचा माणूस

रंगारी उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवायचा. गच्चीवरून सोडलेल्या दोरांना फळी टांगतात, तिला झुला म्हणतात. त्या फळीवर त्याचं अर्धं आयुष्य गेलं. मग ताप आला, तो कानात उतरला आणि तोल गेला. घरातसुद्धा तो भिंत धरून चालू लागला. डॉक्टर म्हणाले, कान बरा होईल, तोल मात्र पुन्हा शिकावा लागेल. नाही शिकला, तर झुला सुटला. आणि दुसरं काम त्याला येत नव्हतं.

त्याच्या बायकोची मावशी शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेली. आता योगासनं शिकवायची. आसनाआधी नावाचा अर्थ सांगायचा, ही तिची जुनी खोड.

“गरुडासन. हातापायांना पीळ घाला, जावईबापू. गरुड म्हणजे देवाला पाठीवर घेऊन उडणारा. आपण पडलो तर पडलो, पाठीवरचा पडता कामा नये.”

“आणि वृक्षासन?”

“वृक्ष म्हणजे जो तोडला जातो तो. जुन्या पंडितांनी अर्थच तसा लावलाय.”

“मावशी, अभद्र बोलू नकोस गं,” शिलाई मशीनवरून बायको म्हणाली.

“मी कुठे बोलतेय? शब्द बोलतोय.”

“मग शब्दाला म्हणावं, चहा घे आणि गप्प बस.”

नजर एका जागी ठेवली की पाय ठरतो, असं मावशीनं सांगितलं. रंगाऱ्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी समोरची भिंत निवडली. वर नवा निळा रंग, खाली जुना मळकट. मधल्या रेषेवर त्याचंच काम अर्धवट राहिलं होतं.

हळूहळू वृक्षासन जमलं. मग जरा जास्तच जमलं. दोन पायांवर तो अजून झोकांड्या खायचा. एका पायावर मात्र खांबासारखा. कुकरची शिट्टी झाली तरी पापणी हलायची नाही. “दोरी बांधून कपडे वाळत घालू का?” बायकोनं विचारलं. तो हसला नाही.

“बघता तरी काय एवढं?”

“झुल्यावर माणूस आहे.”

तिनं पाहिलं. भिंत रिकामी होती. झुला केव्हाच काढून नेला होता.

“कोण माणूस?”

“त्याची पाठ आहे माझ्याकडे. मी हललो की तो हलतो.”

पुढच्या आठवड्यात मुकादमानं तिथे खरोखरच नवा रंगारी चढवला. बायकोला बरं वाटलं. निदान आता माणूस दिसत तरी होता. पण नवरा आता तो वर असेपर्यंत पाय टेकेना. जेवेना. उभा पाय सुजला. एका दुपारी तिचा संयम संपला. तिनं पडदा ओढला, त्याचे खांदे धरले.

“पाय खाली ठेवा आधी!”

त्यानं ठेवला. बाहेर आरडाओरडा झाला.

नवा माणूस कमरेच्या पट्ट्यामुळे वाचला. त्याला गच्चीवर ओढून घेतलं. वारा नव्हता, म्हणाला, कोणीतरी खालून आधार काढून घेतल्यासारखं झालं. त्यानं तिथेच काम सोडलं.

संध्याकाळी मुकादम घरी आला. त्यानं रंगाऱ्याला फरशीच्या रेघेवरून चालवून पाहिलं. रंगारी सरळ चालला. दुपारी पाय टेकल्यापासून त्याची चक्कर गेली होती.

“मग येतोस उद्या?”

“एका पायावर तयार!” रंगारी म्हणाला. दोघे खळखळून हसले. बायको आत निघून गेली.

सकाळी तो झुल्यावर बसला, खिडकीकडे पाठ करून. ती शाळेचे गणवेश शिवत होती. मान वर केली तेव्हा फळी एका बाजूनं कलत होती. ती उठली, खिडकीशी आली, उजवा तळवा डाव्या मांडीला लावून हात जोडले. फळी सरळ झाली.

दारावरची बेल वाजली. पुन्हा वाजली.

“अगं, उघड की! झोपलीस काय?” बाहेरून मावशी ओरडली.

“थांबावं लागेल, मावशी.”

“किती वेळ?”

“ते खाली उतरेपर्यंत.”