कोरा वाचक

‘‘पण त्या माणसानं मदत केली, यात एवढं काय?’’ देबूदांनी विचारलं.

सॅम्युएल सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी पास केलेल्या मजकुरावर ऑफिसातल्या कुणी शंका काढण्याची ती पहिलीच वेळ होती.

आमचं ऑफिस कोलकात्यात, सॉल्ट लेकमध्ये आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या गोष्टी आम्ही छोट्या समाजांच्या भाषांत आणतो. तेव्हा उत्तर बंगालच्या चहामळ्यांतल्या उरांव लोकांसाठी कुडुख भाषेचं काम चालू होतं. भाषांतर तिकडची माणसं करतात. इथे कुणालाच कुडुख येत नाही. मग चूक कळणार कशी? त्यासाठी बॅक ट्रान्सलेशन असतं. मूळ गोष्ट ठाऊक नसलेला एखादा कुडुख माणूस तो मजकूर पुन्हा हिंदीत आणतो. ती हिंदी वाचून शंका काढायच्या, हे माझं काम.

मी कोलकात्यातच वाढलो. वडील बँकेत होते, बदली होऊन आले आणि इथलेच झाले. घरात सत्यनारायण, गणपती सगळं रीतसर. मुलाखतीत सर म्हणाले होते, ‘‘जोशी, तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही. तेच हवंय.’’ अशा माणसाला आमच्याकडे फ्रेश रीडर म्हणतात. कोरा वाचक. त्याला कळलं तर मळ्यातल्या माणसाला कळेल, असा हिशेब.

देबूदा, म्हणजे देबब्रत पाल, निवृत्तीनंतर आमच्याकडे छपाईची पानं लावायला आले. बराकपूरहून रोज येत. एका पानावर कुडुख, समोर हिंदी, अशी प्रत लावताना त्यांनी सहज ती गोष्ट वाचली. चोरांनी मारून अर्धमेला केलेला एक माणूस रस्त्यात पडलाय. त्याच्याच समाजातले दोन प्रतिष्ठित लोक बघून पुढे जातात. मग एक शोमरोनी येतो आणि त्याला उचलून नेतो.

‘‘आमच्या ट्रेनमध्ये कुणाला चक्कर आली तरी परकेच पाणी देतात,’’ देबूदा म्हणाले. ‘‘यात गोष्ट काय झाली?’’

मी सांगितलं, शोमरोनी लोकांना तो समाज हलकं मानायचा. त्यांच्याशी संबंधच ठेवायचा नाही. अशा माणसानं मदत केली, ही गोष्ट.

‘‘ते इथे कुठे लिहिलंय?’’

कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला ठाऊक होतं, म्हणून मला ते दिसत होतं. इतक्या वर्षांत सगळ्या गोष्टी मला पाठ झाल्या होत्या आणि मी अजून कोरा वाचक म्हणून पगार घेत होतो.

सरांनी तिकडच्या भाषांतरकाराला फोन करून एक वाक्य वाढवून घेतलं. गोष्टींची पुढची बॅच त्यांनी वाचायला देबूदांकडे दिली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सर स्वतः खुर्ची ओढून देबूदांच्या टेबलाशी बसत. माझ्या टेबलाशी ते कधी बसले नव्हते. मीटिंगमध्ये देबूदांचे प्रश्न वाचून दाखवले जात, सगळे हसत, आणि देबूदा लाजून कानाची पाळी चोळत. माझा अनुभव त्यांच्यापेक्षा जास्त, हिंदी जास्त चांगली. त्यांच्याकडे फक्त न माहीत असणं होतं, आणि तेवढंच मला कुठूनही परत मिळणार नव्हतं. एखाद्याच्या अज्ञानावर जळणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मी त्यांना रोज चहाला नेऊ लागलो. खालच्या टपरीवर उभं राहून एकेक गोष्ट सांगायची. मला गोष्ट चांगली सांगता येते. देबूदांचा चहा हातात निवायचा.

‘‘जोशीबाबू, पुढे?’’ ते म्हणत. संध्याकाळी घरी जाऊन ते बायकोला तीच गोष्ट सांगत, आणि तिच्या शंका दुसऱ्या दिवशी मला आणून देत. मी त्यांचीही नीट उत्तरं देत होतो. नव्या बॅचमधली एकही गोष्ट मी सोडली नाही.

बॅच परत आली. शंकेच्या रकान्यात काहीच नव्हतं.

‘‘सगळं स्पष्ट आहे सर,’’ देबूदा खुशीत म्हणाले.

ते गेल्यावर सरांनी मला केबिनमध्ये थांबवून घेतलं. म्हणाले, पहिली शंका बहुधा नशिबानं सापडली असावी. वाचन पुन्हा तुम्हीच घ्या, ते पानंच लावू देत.

हेच तर मला हवं होतं. ‘बरं’ म्हणून मी दारापर्यंत गेलो. काचेपलीकडे देबूदा पेन्सिलीला टोक काढत होते, पुढच्या बॅचसाठी. मी परत आलो.

‘‘सर, त्यांची चूक नाही. गोष्टी मी त्यांना आधीच सांगून ठेवल्यात.’’

‘‘कुठल्या?’’

‘‘सगळ्या.’’

सर रागावले नाहीत. त्यांनी देबूदांना आत बोलावलं आणि मला तेच पुन्हा म्हणायला लावलं. का केलं, हेही. देबूदांनी ऐकून घेतलं.

‘‘मला वाटलं, आपली मैत्री झाली,’’ ते म्हणाले.

ती बॅच सरांनी न्यू टाउनमधल्या एका गणिताच्या शिक्षिकेकडे पाठवली. तिनं शंकांनी पानं भरून टाकली. त्यातल्या काही ठिकाणी शंका कसली, हे मला आजही कळत नाही. म्हणजे तिची निवड बरोबर होती. देबूदा पुन्हा पानं लावतात. मी आता भाषांतरकारांची वेळापत्रकं सांभाळतो.

अनुभव वाढला की खुर्ची पक्की होते, असं मी समजत होतो. आमच्या कामात माणूस जाणता झाला की त्यानं उठून खुर्ची रिकामी करायची असते. मी उठलो नाही. शेजारच्यालाही जाणतं करून टाकलं.